इशापूर २ए१ रायफलचा जुना दस्ता : घासून नवा करावा की नुसता पुसावा?

दौंडकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

मी पिट्सबर्गजवळ राहतो. गेल्या महिन्यात इथल्या एका गन शोमध्ये टेबलाखाली आडवी टाकलेली रायफल दिसली. नळीच्या टोकाचं ते बोथट पोलादी नाक पाहूनच पाय थबकले. उचलून पाहिली तर बटच्या वरच्या पोलादी भागावर अशोकस्तंभ, आर.एफ.आय., ७.६२, २ए१ आणि साल १९६६. आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, आपल्या बंगालातली! विकणाऱ्याला ती कुठली हेही नीट माहीत नव्हतं. कागदपत्रं रीतसर केली आणि घरी आणली.

माझे वडील एसआरपीत होते, दौंडला. त्यांच्या हातात असायची ती थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ ची ली-एनफिल्ड, ही तिची धाकटी बहीण. लहानपणी रायफल मी फक्त परेडच्या मैदानावर लांबून पाहिली. पण त्यांच्या खाकी सदऱ्याला उजव्या खांद्यावर एक तेलकट काळपट वास असायचा, कितीही धुतला तरी न जाणारा. ही रायफल खांद्याला लावली आणि तोच वास आला. पैसे मोजायला तेवढं कारण पुरलं.

आता प्रश्न. लोखंड ठणठणीत आहे, पण लाकूड अगदी काळं आहे. हात लावला की चिकटतं. जागोजागी पोचे आहेत, एका ठिकाणी पांढऱ्या रंगाचे पुसट आकडे आहेत. मनात आहे की सगळं लाकूड सोडवावं, सॅंडपेपरने घासावं आणि छान पॉलिश करावं. वडिलांना दाखवायची आहे, म्हणून देखणी व्हावी ही इच्छा. कोणी केलंय का असं काम? कुठून सुरुवात करू?

फर्निचरवाला

सोपं आहे. आधी पेंट रिमूव्हर, मग ८० नंबर, १२०, २२० आणि शेवटी ४०० चा पेपर. वर पॉलियुरेथेनचे तीन हात. डायनिंग टेबलासारखा चकाकेल. मी घरातल्या सगळ्या जुन्या खुर्च्या अशाच केल्यात.

काळी_हळद

विषय नवीनच. वाचनखूण साठवली आहे.

चांदमारी

फर्निचरवाला, खुर्चीला चालेल ते इथे चालणार नाही. दौंडकर, कृपा करून ८० चा पेपर त्या लाकडाजवळ नेऊ नका.

मी न्यू जर्सीत १५ वर्षं जुन्या लष्करी रायफली जमवतोय, म्हणून कळकळीने लिहितो. सॅंडपेपर मळ काढत नाही, लाकूड काढतो. या रायफलीत लाकूड आणि लोखंड एका पातळीत येतात, उलट लाकूड कणभर वरच असतं. घासलं की लाकूड खाली जातं आणि पट्ट्यांच्या, बटप्लेटच्या (बटच्या मागच्या टोकावरच्या पत्र्याच्या) कडा बोटाला लागतात. ते लाकूड परत चढवता येत नाही. दुसरं म्हणजे छाप. दस्त्यावर तपासणीचे, दुरुस्तीचे, लांबीचे ठसे असतात. ली-एनफिल्डचे बट वेगवेगळ्या लांबीचे यायचे, आखूडवर एस, लांबवर एल, अगदी आखूडवर बी. जवानाच्या हाताच्या मापाने बट बदलून मिळायचा. तुमच्या बटवर आहे का एखादं अक्षर? दोन मिनिटं पेपर मारलात की गेलं.

आणि आतल्या बाजूला, म्हणजे नळी बसते त्या खाचेत आणि मागे बॉडी टेकते तिथे, कुठलाच पेपर लावायचा नाही. गोळीचा धक्का तिथलं लाकूड झेलतं. तिथे अर्धा मिलिमीटर कमी झाला की नेम बिघडतो, लाकूड फाटतंसुद्धा.

पांढरे आकडे अजिबात पुसू नका. तो बहुतेक शस्त्रागारातल्या रॅकचा नंबर असेल.

अनुजा_टोरांटो

चांदमारींशी पूर्ण सहमत. मी संग्रहालयात लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करते. आमच्याकडे पहिला धडा हाच की जे केलं ते उद्या कोणाला उलटवता आलं पाहिजे. मळ काढणं उलटवावं लागत नाही, पण घासणं उलटवता येत नाही. पॉलियुरेथेन तर लाकडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवल्यासारखं आहे.

पद्धत सांगते. मऊ सुती कापडावर मिनरल स्पिरिट (रंगात घालतात ते पेट्रोलियमचं टर्पेंटाइन, अल्कोहोलवालं स्पिरिट नव्हे) घ्यायचं, हातात नायट्राइलचे मोजे, दारं-खिडक्या उघड्या. वीतभर जागा पुसायची, कापड काळं झालं की टाकायचं, नवं घ्यायचं. कापड तपकिरी यायला लागलं की थांबायचं, कारण आता मळ संपून मूळचं तेल निघायला लागलं. हा थांबायचा क्षण ओळखणं हेच खरं काम. वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. तेल नको. जवसाचं तेल वर्षांगणिक काळं पडतं आणि एकदा आत मुरून कडक झालं की परत निघत नाही.

जुना_आर्मरर

सर्वांस नमस्कार. मी लष्कराच्या ईएमईमधून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून निवृत्त झालो, आता मुक्काम सातारा. टंकायला वेळ लागतो, तरी हे लिहिणं भाग आहे, कारण कोणीच अजून सांगितलेलं नाही.

दौंडकर, बट आधी काढू नका! बटप्लेटच्या झाकणातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून बट धरून ठेवणारा बोल्ट फिरवायचा मोह होतो. या रायफलीत त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागल्या कडेत बसवलेल्या पत्रीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवलात तर ते चौकोनी टोक फिरताना लाकूड आतून चिरतं. आवाजही येत नाही, नंतर चीर दिसते. अशी चिरलेली लाकडं मी बाद करताना पाहिली आहेत.

क्रम असा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. काडतूस भरायचा बोल्ट (बटचा नव्हे) आणि मॅगझिन बाजूला. मग नाकाचे स्क्रू काढून नाक लाकडी हातोडीने हळूहळू पुढे. आतल्या पट्टीचा एक लांब स्क्रू खालून असतो, त्याच्याबरोबर स्प्रिंग येते, ती उडून हरवते, खाली चादर अंथरा. हँडगार्ड, म्हणजे नळीवरचं लाकूड, सोडवा. ट्रिगर गार्डचे पुढचा आणि मागचा असे दोन स्क्रू. मग पुढचं लाकूड सरळ खाली ओढायचं, डोलवायचं नाही. हे झाल्यावरच बटला हात. बटच्या भोकात कातड्याची गुंडी असेल, ती आकड्याने ओढून काढा, टाकू नका, परत घालायची आहे.

स्क्रूच्या खाचेत नीट बसणारंच हत्यार वापरा. खाच बिघडली की रायफल अनाथ दिसते.

काळी_हळद

साहेब, ही असली माहिती यूट्यूबवर अर्धा तास ओरडून देतात. तुम्ही चार परिच्छेदात दिलीत. दंडवत.

तळकोकणी

आमच्याकडे कुडाळ बाजूला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर काडतुसाची बंदूक आहे, आजोबांची. त्याआधी ठासणीची होती. रानडुकरं आणि वांदरं काय करतात ते नारळ-काजूवाल्यालाच ठाऊक. दस्त्याचा माझा अनुभव सांगतो.

दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. परत येते तेव्हा दस्त्याला दोन पोचे वाढलेले. एका वर्षी दसऱ्याच्या आधी सुताराने ओला फडका पोच्यावर ठेवला आणि गरम इस्त्री टेकवली. चर्र आवाज झाला, वाफ गेली, फडका उचलला तर पोचा निम्मा भरून आलेला. तीन वेळा केल्यावर बोटालाही लागेना. दबलेलं लाकूड पाण्याने फुगून वर येतं. पण जिथे लाकडाचे तंतू तुटलेत, म्हणजे खरोखर खाच पडली आहे, तिथे इस्त्रीचा काही उपयोग होत नाही.

चूक माझी पुढची. पोचे गेले म्हणून खुशीत मी होडीला लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल दस्त्याला लावलं. लाकडाला वाळवी लागणार नाही हे खरं, पण ते तेल कातडी भाजतं हे बंदूक गालाला लावल्यावर आठवलं. आठ दिवस उजवा गाल सुजलेला होता. तो दस्ता नंतर पूर्ण सोलून काढावा लागला, आजोबांनी चाकूने कोरलेली त्यांची आद्याक्षरंही त्यात गेली. त्याची हळहळ आजही आहे. म्हणून सांगतो, घासू नका.

चांदमारी

तळकोकणी, आद्याक्षरांचं वाचून वाईट वाटलं. इस्त्रीबद्दल एक भर : ठशांजवळ इस्त्री नेऊ नका. ठसा म्हणजेसुद्धा दाबलेलं लाकूडच. वाफेने पोच्याबरोबर तोही वर येतो आणि कायमचा जातो.

ऋतुजा_नाशिक

अवांतर विचारते. भारतात अशी रायफल कोणाला घेता येते का? माझ्या सासऱ्यांकडे परवान्याची रायफल आहे, तिला लोक थ्री नॉट थ्रीच म्हणतात.

जुना_आर्मरर

ऋतुजाताई, .३०३ आणि ७.६२ नाटो दोन्ही निषिद्ध बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. सासऱ्यांची बहुधा .३१५ असेल. तीही इशापुरात बनते, चेहरामोहरा तसाच म्हणून लोक तेच नाव घेतात. नळीवर आकडा असतो, पाहून घ्या. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती.

खडकीचा_पोऱ्या

इशापूरचं कौतुक चाललंय, तर खडकीचंही नाव घ्या. आमचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. .३०३ काडतुसाच्या बुडावर के.एफ. असं दिसलं की ते आमच्या गावचं, किर्की फॅक्टरी. माझे आजोबा तिथे कामाला होते. परदेशातल्या नेमबाजांच्या चर्चेत के.एफ. वाचलं की ऊर भरून येतो. इशापूरच्या कारखान्याची स्थापना १९०४ ची, म्हणजे आम्ही थोरले.

सई_पवार_नव्हे

माझे काका रेल्वे पोलिसात होते. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर आपल्या पोलिसांकडे याच थ्री नॉट थ्री होत्या, समोर एके-४७. एक गोळी झाडायची, बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, परत नेम. समोरून गोळ्यांचा पाऊस. त्या दिवसानंतर या रायफलीकडे मला प्रेमाने बघता येत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला तिला निरोप दिला, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "फार उशीर केला."

दौंडकर, तुमच्या भावनेला धक्का लावायचा नाही. पण लाकडावरच्या खुणा ठेवा असं मीही म्हणेन, वेगळ्या कारणासाठी. ती कोणीतरी रोज आठ तास खांद्यावर वाहिली आहे. ते पुसून तिला दिवाणखान्यात शोभेची वस्तू करू नका.

दौंडकर

सई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. बाबाही हेच म्हणतात, "रायफल चांगली होती, पण आम्हाला ती फार वर्षं दिली."

बाकी सगळ्यांचे आभार. सॅंडपेपर परत कपाटात ठेवला. बटवर खरंच एक एस सापडला! इथल्या रेंजवर एक जण म्हणाला की ओव्हन क्लीनर फवारायचा, दहा मिनिटांनी पाइपने धुवायचं, एकदम कोरं लाकूड मिळतं. दुसऱ्याने तर डिशवॉशरमध्ये घातला होता म्हणे. यावर काय मत?

पटाशी

नको नको नको.

मी सुतार, तिसऱ्या पिढीतला, कोल्हापूर. ओव्हन क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा असतो. सोडा मळाबरोबर लाकडाचा जीवही खातो. वाळल्यावर रंधा न मारलेल्या फळीसारखी कुसळं उभी राहतात, मग ती बसवायला परत सॅंडपेपर आलाच. डिशवॉशरमधल्या गरम पाण्याने लाकूड एकदा फुगणार, एकदा आकसणार आणि ज्या बाजूला रेषा आडव्या आहेत तिथे तडकणार.

साठ वर्षांचं ग्रीस आत मुरलंय, ते उष्णतेने बाहेर येतं. लाकूड जुन्या फडक्यात गुंडाळा, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि उन्हात ठेवा. तास-दीड तासाने पुसा, परत गुंडाळा. हट्टी डाग राहिला तर खडूची बारीक पूड मिनरल स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या, उन्हात वाळवा. पूड पिवळी-तपकिरी झाली की तेल ओढलं गेलं. ब्रशने झाडून टाका. आमच्याकडे देवघराच्या लाकडातलं समईचं तेल असंच काढतात.

आता तेल. अनुजाताईंचा मान राखून माझं मत वेगळं आहे. जवसाचं तेलच लावा, कच्चं. बाजारात बॉइल्ड म्हणून मिळतं ते नुसतं उकळलेलं नसतं, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची क्षारं घातलेली असतात. ते एका दिवसात वाळतं, कच्च्याला कित्येक दिवस लागतात, पण ते खोल जातं. क्रिकेटची नवी बॅट आठवा. कच्च्या जवसाच्या तेलाचे चार थेंब बोटांनी चोळायचे, आडवी ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत. इथेही तेच. पण एकदम ओतायचं नाही. थेंब तळहातावर घ्यायचा आणि हात गरम होईपर्यंत चोळायचं. वीस मिनिटांनी जे वर राहील ते कोरड्या फडक्याने पुसून काढायचंच, नाहीतर तोच चिकट थर परत जमतो. जुना हिशेब आहे : पहिला आठवडा रोज, पुढचा महिना आठवड्यातून एकदा, पुढचं वर्ष महिन्यातून एकदा आणि मग वर्षातून एकदा.

काळी_हळद

जवस म्हटलं की मला फक्त चटणी माहीत होती.

मेघा_फिली

थांबा, थांबा. जवसाच्या तेलाचं कोणी बोललं आणि फडक्यांचं नाही बोललं असं चालणार नाही. दौंडकर, तुम्ही तर आमच्याच राज्यात आहात.

२३ फेब्रुवारी १९९१ ला इथे फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत पेटली. २२ व्या मजल्यावर लाकडी कामाला तेल लावून झाल्यावर तेलाने भिजलेली फडकी तशीच ठेवली होती. कोणी काडी ओढली नव्हती. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेल्या फडक्यात ती कोंडून फडकं आपोआप पेटतं. आग विझवायला गेलेले तीन अग्निशामक जवान परत आले नाहीत. आग ३० व्या मजल्यावर थांबली, कारण तिथे स्प्रिंकलर होते.

माझा नवरा अग्निशमन दलात आहे, म्हणून हे पाठ आहे. फडकं वापरून झालं की बाहेर फरशीवर किंवा तारेवर एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्या. नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. गॅरेजच्या कचऱ्याच्या पिशवीत कधीच नाही.

पटाशी

मेघाताई, बरं झालं लिहिलंत. आमच्या दुकानात वडिलांच्या काळापासून तेलाचं फडकं दोरीवरच जातं. इतकी सवय झाली आहे की सांगायचं सुचलंच नाही. चूक कबूल.

मेलबर्नकर

एक लक्षात घ्या, सगळ्या देशांची लाकडं आणि पॉलिश एकसारखी नसतात. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या रायफल कारखान्यात अक्रोडाऐवजी क्वीन्सलंड मेपल आणि कोचवुड वापरलं. कोचवुड नरम, म्हणून धक्का झेलायला तिथे आत तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. रशियन मोसिन-नागांत बर्चची, तिच्यावर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. तिथे अल्कोहोलवाल्या स्पिरिटचं फडकं लावलंत तर मूळ पॉलिशच विरघळून हातात येतं. म्हणून आधी बटप्लेटखालच्या झाकल्या जागेवर थेंबभर लावून पाहा, मग पुढे जा.

अनुजा_टोरांटो

पटाशी, वाद घालायचा म्हणून नाही, पण मेणाला एवढ्या सहज बाजूला सारू नका. जवसाचं तेल आत गेलं की ते आता त्या लाकडाचाच भाग झालं. पन्नास वर्षांनी कोणाला मूळ रंग पाहायचा असेल तर मार्ग उरत नाही.

जुना_आर्मरर

ताई, आपलं म्हणणं संग्रहालयापुरतं शंभर टक्के बरोबर. पण हे लाकूड कारखान्यातच जवसाच्या तेलात मुरवलेलं आहे आणि त्यानंतर प्रत्येक आर्मररने, प्रत्येक जवानाने तेच चोळलं आहे. आपण ज्याला मूळ रंग म्हणता तो त्या तेलाचाच रंग. काचेच्या कपाटात राहणार असेल तर मेण. पावसात, घामात, रेंजवर जाणार असेल तर तेल.

अनुजा_टोरांटो

हा मुद्दा मान्य. मग दौंडकरांनी सांगावं, चालवणार की ठेवणार? पण तेल लावलंच तर एक-दोन हात, वर्षभराचं पारायण नको. जुन्या लाकडाच्या पोटात आधीच भरपूर आहे.

चांदमारी

चालवणार असाल तर आधी जाणत्या गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट) तपासून घ्या. आणि लाकडावर वा लोखंडावर डी.पी. अक्षरं नाहीत ना? ती फक्त कवायतीची असते, तिने गोळी झाडायची नाही.

दौंडकर

मंडळी, सात आठवड्यांनी परत आलोय. डी.पी. नाही, हेडस्पेस ठीक. आता सविस्तर वृत्तांत.

आर्मरर साहेबांचा क्रम छापून भिंतीवर लावला होता. आतल्या पट्टीची स्प्रिंग खरंच उडाली, चादरीवर पडली म्हणून वाचली. पुढचं लाकूड सुटायला अर्धा तास लागला. बटमधल्या झाकणामागे पितळी तेलाची बाटली होती आणि नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी, तिच्या फासात चिंधीचा तुकडा अजून अडकलेला.

जुलैच्या उन्हात गाडीच्या मागच्या काचेखाली काळ्या पिशवीत लाकूड ठेवलं. दीड तासाने उघडलं तर लाकडाला घाम फुटलेला, काकवीसारखे थेंब. असं नऊ वेळा केलं. मग स्पिरिटची फडकी. अनुजाताई म्हणाल्या तसं काळं येत होतं, काळं येत होतं, आणि एका फडक्यावर लालसर तपकिरी आलं. तिथे थांबलो.

काळ्याखालून जे निघालं ते पाहून मी गॅरेजमध्येच खाली बसलो. बटच्या उजव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढं चौकोनी थिगळ आहे. दुसऱ्या लाकडाचा तुकडा इतका नेमका बसवलेला की नख फिरवलं तरी सांधा लागत नाही, फक्त रेषांची दिशा जरा वेगळी. पुढच्या लाकडात लाकूड फाटू नये म्हणून घालतात तो आडवा स्क्रू आहेच. पांढरा नंबर शाबूत आहे, २१७.

दोन पोचे इस्त्रीने भरून आले. तिसरा एसच्या जवळ होता, तो तसाच ठेवला. कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. फडकी पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवली, मेघाताई.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. त्यांचं वय ८१, नजर अधू. मी दस्ता कॅमेऱ्याजवळ धरला. चकाकी नाही, नुसता मंद रंग. ते म्हणाले, "बाजू फिरव." थिगळ दिसल्यावर म्हणाले, "आर्मररचं काम आहे. पडली असेल कोणाच्या हातून. त्या पोराला पहाऱ्याची शिक्षा झाली असणार." मग मला बटप्लेटवर अंगठा ठेवायला लावला आणि खांद्यात नेमकी कुठे टेकवायची ते बसल्या जागी हाताने दाखवत राहिले. आई मागून जेवायला हाका मारत होती, तरी उठेनात.

एकच अडचण राहिली आहे. जोडल्यावर पुढचं लाकूड किंचित हलतंय. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू पूर्ण आवळला आहे, तरीही. आधी हलत नव्हतं. काय चुकलं?

सई_पवार_नव्हे

काकांना तुमचा हा प्रतिसाद वाचून दाखवला. थिगळाचं दोनदा वाचायला लावलं.

जुना_आर्मरर

चुकलं काही नाही. त्या पुढच्या स्क्रूच्या भोवती एक पोलादी कॉलर असते. स्क्रू आवळला की जोर कॉलरवर येतो. ग्रीस निघाल्याने लाकूड थोडं आटलं आहे, आता कॉलर आधी टेकते आणि लाकूड सैल राहतं. काही लोक लगेच कॉलर कानशीने घासतात. आपण तसं करू नये. एकदा आखूड झालेली कॉलर लाकूड फुगलं की लाकूड चेपते.

लाकूड परत सोडवा. आतल्या खाचेला आणि जिथे रेषांची टोकं उघडी आहेत तिथे तेलाचा एक पातळ हात द्या, बाहेरून नको. पंधरा दिवस घरातल्या साध्या हवेत ठेवा, हीटर-एसीजवळ नको. मग आधी पुढचा स्क्रू आवळा, नंतर मागचा. तरी हललं तर लिहा, मी कागदाची पट्टी कुठे घालायची ते चित्र काढून पाठवतो.

दौंडकर

सोळा दिवस झाले साहेब. आधी पुढचा, नंतर मागचा. हलत नाही.